वैजनाथाच्या गावची राख

परळीला गाडीतून उतरलो तेव्हा नुकतेच फटफटले होते. बहिणीच्या दारी पोहोचलो, तर ती ओल्या फडक्याने तुळशीची पाने पुसत होती!

"अगं, हे काय नवीन?" मी विचारले.

तिने फडके माझ्यापुढे धरले. ते करडे झाले होते. "दादा, इथं आधी राख पुसायची, मग पूजा करायची!"

अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथाच्या मंदिराच्या पायऱ्या चढताना तिचे शब्द मनातून जाईनात. अंगाला भस्म फासणारा हा देव. आणि त्याच्याच गावी राखेचा असा जाच!

इथले औष्णिक वीजकेंद्र १९७१ साली सुरू झाले. आपल्याकडचा कोळसा फार राखाळ. शंभर किलो जाळला, की तीस-चाळीस किलो राख उरते. जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. बारीक राख धुराबरोबर वर निघते. तिला विजेच्या भाराने पत्र्यांवर ओढून धरतात. पूर्वी बहुतेक राख पाण्यात कालवून तळ्यात सोडून देत. तळे सुकले, की वारा ती उचलून घरोघर पोचवी.

ही बारीक राख आता सिमेंटवाले मागून नेतात. मेहुण्यांच्या माडीचे काम चालू होते. त्यांनी मला सिमेंटचे पोते दाखवले. अशा सिमेंटात शेकडा ३५ पर्यंत राख चालते. ही भेसळ नव्हे बरे का! सिमेंट पाण्यात कालवले, की त्यातून थोडा चुना मोकळा होतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि नवा चिकट पदार्थ तयार होतो. बळ सावकाश येते, पण टिकाऊ येते. मात्र पाणी जास्त दिवस मारावे लागते. आपले पूर्वज चुन्यात विटांची सुरखी घालीत, रोमन लोक बंदरांच्या बांधकामात ज्वालामुखीची राख घालीत, त्यातलीच ही युक्ती. युरोपात तर बंदरातला उपसलेला गाळ भाजून सिमेंटात घालण्याचे प्रयोग झाले आहेत.

मी हे सारे बहिणीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "दादा, पोत्यात गेली ती लक्ष्मी. बाहेर राहिली ती माझ्या तुळशीवर आणि पोरांच्या छातीत!"

मला उत्तर सुचेना. शास्त्राने आपले काम केले आहे. आता उरले आहे ते ट्रक नीट झाकण्याचे आणि तळे ओले ठेवण्याचे. एवढ्या साध्या गोष्टींना शास्त्रज्ञ कशाला हवा?

यंदा दिवाळीत विजेच्या माळा लावताना ती तुळस मला आठवेल.