उरलेली खरखर

नारायणगावाहून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटोच्या बागा आणि उसाचे फड यांच्यावरून एक अवाढव्य तबकडी डोकं वर काढते. थोडं पुढे गेलं की दुसरी, मग तिसरी. एकेकीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30. त्यातल्या 14 एका चौरस किलोमीटरच्या आत दाटीवाटीनं उभ्या आहेत, उरलेल्या 16 तीन दिशांना लांबवर विखुरलेल्या, कुणाच्या बांधाशेजारी, कुणाच्या माळावर. पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यातल्या या सगळ्या तबकड्या मिळून एक दुर्बीण होते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि इथे उभी करून घेतली.

बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं की पहिल्यांदा जरा फसगत होते. एवढ्या थोरल्या तबकडीत पत्रा कुठेच नाही. आहे ती बारीक पोलादी तारांची जाळी, दोरांवर ताणून बसवलेली. आरपार ढग दिसतात, मधूनच एखादी घार सरकत जाते. ज्या रेडिओलहरी इथे टिपायच्या त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे त्यांना ही जाळी भिंतीसारखीच लागते. वाऱ्याला मात्र ती अडवत नाही. म्हणून सांगाडा हलका झाला, खर्चही आटोक्यात राहिला. वाऱ्याला जाऊ द्यायचं आणि लहरीला थोपवायचं, ही अक्कल मला फार देखणी वाटते.

इथे काय ऐकतात? पुष्कळ काही, पण त्यातलं माझ्या मनात घर करून बसलंय ते हायड्रोजनचं. विश्वात सर्वांत विपुल असलेलं हे मूलद्रव्य. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन कधीतरी आपल्या फिरकीची दिशा पालटतो आणि 21 सेंटिमीटर लांबीची एक रेडिओलहर सुटते. एकाच अणूवर नजर ठेवून बसलं तर हे घडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतील. पण अणूच इतके अमाप, की कुठे ना कुठे कुणीतरी सतत बोलत असतो. 2023 च्या सुरुवातीला बातमी आली, की एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत खोडदच्या दुर्बिणीनं टिपलाय. तो निघाला तेव्हाची 21 सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणात ताणली जाऊन इथे पोचेतो 48 सेंटिमीटरची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं संकेत ठळक केला, म्हणून तो हाती लागला. प्रवासाला लागली 880 कोटी वर्षं. तो निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. वाट मात्र संपली ती इथे, जुन्नर तालुक्यात.

असं काही वाचलं की हात जोडावेसे वाटतात. कुणाला, ते विचारू नये.

पण तिथेच घुटमळलं की मला माझाच संशय येऊ लागतो. तो संशय याच दुर्बिणीच्या जगातून शिकावा. रेडिओ खगोलशास्त्रातलं खरं कष्टाचं काम ऐकण्याचं नाहीच, आपला गोंगाट वेगळा काढण्याचं आहे. खोडदची जागा निवडली ती तिथे असा गोंगाट कमी म्हणून. आज मोबाइलचे टॉवर आहेत, वरून उपग्रह जातात. विजेच्या तारेवर कुठे बारीकशी ठिणगी उडत असेल तर तीही शोधून काढावी लागते. पाहायला जाणाऱ्यांना फोन बंद करायला लावतात ते शिस्तीचा बडगा म्हणून नव्हे. खिशातला फोन त्या आभाळातल्या कुजबुजीपुढे कर्णा लावून बोलत असतो.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला 1998 पासून अधूनमधून चमत्कारिक संकेत मिळत होते. क्षणात येत, क्षणात विरत. वर्षानुवर्षं उलगडा होईना. 2015 मध्ये एकदाचं कारण सापडलं. तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार वेळ संपायच्या आत कुणीतरी ओढून उघडत होतं. आभाळाचं कोडं म्हणजे कुणाचं तरी जेवण गरम होणं!

या गोष्टीला एक उलटी जोडही आहे. 1964 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोघा शास्त्रज्ञांच्या अँटेनात एक खरखर येत होती. दिशा बदलली तरी तीच, रात्री तीच, ऋतू पालटला तरी तीच. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं. त्यांना हुसकलं, त्यांची घाण खरवडून काढली. सांधे तपासले. जे जे आपलं किंवा कबुतरांचं असू शकेल ते सगळं वजा केलं. तरी खरखर उरलीच. ती विश्वाच्या तान्हेपणीची ऊब निघाली, आता निवून निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंशांवर आलेली, सगळीकडून सारखी येणारी. दोघांना 1978 चं नोबेल मिळालं. पार्क्सला वजाबाकीनंतर काही उरलं नाही, न्यू जर्सीत विश्वाचं बालपण उरलं. काय उरेल ते आधी ठरवून वजाबाकी करता येत नाही, एवढं खरं.

विश्वाला असं बालपण होतं, ते एका अतिघन बीजातून उमललं, हा विचार पहिल्यांदा मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन गणिती कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीला दुजोरा मिळाल्याचं जाहीर सुचवलं, तेव्हा हरखून जायला हवं होतं ते लमेत्र यांनी. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नांपासून अलगच राहतो, आस्तिकानं आणि नास्तिकानं तो सारखाच वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. रोज प्रार्थना करणारा माणूस देवाच्या बाजूचा पुरावा हातातून खाली ठेवतो, हे मला कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं. 1966 मध्ये अखेरच्या आजारपणात त्या खरखरीच्या शोधाची बातमी त्यांना कळली. आपलं गणित खरं ठरल्याचं समाधान त्यांना लाभलं. त्यात देव मिसळायची गरज त्यांना वाटली नाही.

त्यांना जे कळलं होतं ते आपल्याकडे अजून नीट रुजलेलं नाही. सिद्धांतावर उभा केलेला देव सिद्धांताबरोबर कोसळतो. आपले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी विश्वाला आरंभच नाही अशी मांडणी हयातभर लावून धरली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. समजा स्वीकारली असती, तर देवळांना कुलपं लावायची होती का? पुढच्या निरीक्षणापर्यंतच ज्याची मुदत, असा देव कुणाच्याच कामाचा नाही.

खोडदपासून फार लांब नाही तिथे आळे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणची ती कथा आपल्याकडे लहानपणापासून कानांवर असते. नेवाशाहून आळंदीकडे येताना रेड्यानं इथे देह ठेवला, असं सांगतात. चैत्रात यात्रा भरते. रेडा बोलला असेल असं मला वाटत नाही. पण वेदांवर मालकी सांगणाऱ्यांच्या गर्दीत ज्याला मुकं धरलं होतं त्याला या कथेनं वाचा दिली आणि गावानं त्याची समाधी आजवर जपली. इतपत मी मान लववू शकतो, आणि लववतो.

माझी आत्या या पट्ट्यातली. आळ्याची यात्रा तिनं कधी चुकवली नाही. खोडदच्या तबकड्यांविषयी मी एकदा तिला रंगात येऊन सांगत होतो. 880 कोटी वर्षांची गोष्ट तिनं कांदे निवडता निवडता ऐकून घेतली. मग मी खोडी काढली, "आत्या, एवढं लांबचं ऐकू येतं, पण देवाचं काही अजून ऐकू आलं नाही बरं का."

तिनं वर पाहिलंही नाही. "त्याचं ऐकून आपल्याला काय करायचंय? त्याला आपलं ऐकू गेलं म्हंजे झालं."

पुष्कळ दिवस हे वाक्य मला सोडेना. देव कळतो का, देव असल्याचा पुरावा काय, हे माझे प्रश्न. आत्याला ते कधी पडलेच नव्हते. तिला देवाविषयी माहिती नको होती, आपण इथे आहोत हे कुणाला तरी ठाऊक असावं एवढंच हवं होतं. हायड्रोजन हे काम करू शकत नाही. त्याला खोडद ठाऊक नाही, आत्याही नाही. विज्ञानाचा हा दोष नव्हे. ते त्यानं कधी कबूलच केलेलं नाही.

मग श्रद्धेला काहीही ऐकू आलं तरी चालतं का? नाही. उलट ओव्हनचं दार सगळ्यात जास्त वेळा तिथेच उघडतं. कौल मिळाला, दृष्टांत झाला, देवाची इच्छाच अशी, असं म्हणताना त्यात आपली हाव किती, भीती किती, शेजाऱ्याचा राग किती? आमच्या संतांनी हे ओळखलं होतं. त्यांनी देवापेक्षा स्वतःचीच झडती जास्त घेतली, मीपणाची कबुतरं हुसकत राहिले. देवाला काय हवंय ते आपल्याला नेमकं कळलंय असं छातीठोक सांगणाऱ्यांनी ही वजाबाकी केलेली नसते. त्यांना स्वतःचाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो, आणि तो इतरांनी ऐकावा म्हणून ते काठ्या घेऊन निघतात.

आपला आवाज वजा करायचा, इथपर्यंत दोन्ही वाटा बरोबर येतात. पुढे त्या फुटतात आणि त्या फुटू द्याव्यात. खोडदला जे उरतं ते दुसऱ्या देशातल्या दुर्बिणीनं तपासता येतं, चुकलं असेल तर खोडून काढता येतं. त्यालाच मी ज्ञान म्हणतो. आत्याला जे उरतं ते तिच्याबाहेर कुणाला तपासता येत नाही, म्हणून त्याला मी ज्ञान म्हणणार नाही. तिनंही कधी म्हटलं नाही. तिच्या लेखी तो ऋणानुबंध आहे, आणि ऋणानुबंधाला कुणी दाखला मागत नाही. मात्र त्याच्या जोरावर दुसऱ्यावर हुकूमही चालवता येत नाही.

तेव्हा देव कळतो का, असं कुणी विचारलं तर माझ्यापुरतं उत्तर आहे, नाही. आत्याला मी ते सांगितलंय. ती म्हणाली, "तुला कुठं कळायला हवाय?" आणि पुढच्या यात्रेला गाडी घेऊन येशील का, असं विचारलं. मी हो म्हणालो.