होडी परत आणायला किती दिवस?

मी राहते कळसाडीला, नंदुरबार जिल्ह्यात. आजूबाजूला ऊस, केळी आणि पपई. समुद्राचं नाव निघतं ते फक्त भूगोलाच्या तासाला. तेव्हा शिडाच्या होडीबद्दल मी लिहावं याचं तुम्हांला हसू येईल. पण माझं माहेर रेवदंड्याजवळ, कुंडलिकेच्या खाडीकाठी. आणि गेले सात उन्हाळे मी तिथे जाऊन आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, होडी चालवायला शिकते आहे.

"सात वर्षं? एवढं काय असतं हो त्यात?" असं इथल्या शेजारणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोटार एखाद्या महिन्यात चालवता येते, शिवणयंत्र त्याहून लवकर. यंदा मात्र या प्रश्नाचं नेमकं उत्तर मला द्यावंच लागणार आहे, कारण होडी विकायची की ठेवायची हे त्यावर ठरायचं आहे.

आप्पा कोळी नव्हेत, शाळामास्तर. हौसेनं घेतलेली सोळा फुटी लाकडी होडी, एकच तिकोनी शीड. दादाला त्यांनी बाराव्या वर्षीच सुकाण्यावर बसवलं. त्याला मुळीच आवड नव्हती. मला आवड होती, म्हणून मला डबा मिळाला. लाकडी होडी उन्हाळाभर काठावर राहिली की फळ्या आकसतात. पाण्यात घातल्यावर लाकूड फुगून फटी बुजेपर्यंत आत पाणी येतच राहतं. ते उपसायचं काम माझं. एका अर्थी माझं शिक्षण तिथूनच सुरू झालं म्हणा ना. कोणत्या फळीतून पाणी आधी येतं हे दादाला आजही सांगता येणार नाही, मला अंधारात सांगता येईल.

लग्न होऊन खानदेशात आले. इथे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मीही जायची. मुलगा जरा मोठा झाल्यावर एका आखाजीला मी आप्पांना म्हटलं, "मला शिकवा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं नि म्हणाले, "उद्या तृतीया. तीनाचे पाऊणपट किती?"

हा हिशेब कोकणात पोरंसोरंही करतात. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ निघते. अगदी घड्याळाबरहुकूम नव्हे, पण कामापुरती. तृतीयेला सव्वादोन. म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला खाडी काठोकाठ भरणार आणि मग ओहोटी लागणार. दुपारी खारा वारा असतो, समुद्राकडून जमिनीकडे. आता बघा, परत येताना वारा होडीला आत ढकलतो आणि ओहोटीचं पाणी तिला बाहेर खेचतं. वारा आणि पाणी एकमेकांविरुद्ध गेले की खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. लांबून खाडी शांत दिसते, आत शिरल्यावर होडी दाणदाण आपटते. हे पुस्तकात दोन ओळींचं आहे. मी तर दरवर्षी वर्गात खारे आणि मतलई वारे शिकवते, फळ्यावर बाण काढून. पण त्या बाणांच्या मध्ये बसल्यावर कळलं की दोरी किती सैल सोडायची हे बाण सांगत नाही.

होडी चालवणं चार दिवसांत आलं, खोटं कशाला बोलू. वारा बाजूनं असेल तर शीड भरतं, होडी पळते, आपणही खूश. वाऱ्याच्या समोर जायचं तर सरळ जाता येत नाही. थोडं उजवीकडे, मग थोडं डावीकडे, असं नागमोडी वर चढावं लागतं. तेही पहिल्याच उन्हाळ्यात जमलं. अडलं ते थांबणं. होडीला ब्रेक नाही. धक्क्याच्या अलीकडे नेमक्या अंतरावर तिचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं, शीड फडफडू लागलं की ती आपसूक मंद होते आणि हलकेच येऊन धक्क्याला टेकते. लवकर वळवली तर अलीकडेच थबकते आणि ओहोटी तिला मागे नेते. उशीर झाला तर दगडावर. आणि हे अंतर रोज वेगळं! वारा, पाणी, होडीतली माणसं, सगळ्यावर अवलंबून. यात माझे तीन उन्हाळे गेले.

माझ्या सासूबाई खापरावरचे मांडे करतात. हातावर फिरवत फिरवत पुरणाचा मांडा परातीएवढा करायचा आणि न फाडता उलट्या खापरावर टाकायचा. मला त्यांनी पाचव्या वर्षी सणाच्या दिवशी हात लावू दिला. तोवर मांडा फिरवता येत होता, पण कणीक सैल झाली आहे, आज मांडे नकोत, हे ओळखता येत नव्हतं. होडीचंही तेच आहे. काठावर उभं राहून "आज नको" म्हणता येणं हे सगळ्यांत उशिरा येतं. मे सरत आला की समुद्राला लांबून फुगवटा येऊ लागतो, वर आभाळ मात्र निरभ्र. आप्पा एकदा सगळी तयारी झाल्यावर शीड गुंडाळून घरी चालू लागले. मी हिरमुसले. दोन तासांनी खाडीच्या तोंडाशी काय चाललं होतं ते पाहिलं, मग काही बोलले नाही.

हे केवळ हौशी लोकांचं दुखणं नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, सातपुड्यापलीकडे नर्मदेकाठी होडी ही गरज आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातल्या ३३ गावांना झळ पोचली. जिथे पायवाटा होत्या तिथे पाणी आलं. तिकडे दवाखानासुद्धा तरंगता आहे. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. २०२० साली करोनाच्या धास्तीनं आया मुलांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा या बाईंनी एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि आठवड्यातले पाच दिवस अठरा-अठरा किलोमीटर वल्हवत पाड्यांवर जाऊन पोरांची वजनं केली, आहार पोचवला. नदीकाठी वाढलेली ती बाई. वल्हं मारायला किती दिवस लागले असं तिला कुणी विचारलं तर ती काय सांगणार? आणि त्याच नर्मदेत, १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा इथे माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली. मुलंबाळंही गेली. तिथे कमी पडलं ते होडी चालवणं नव्हे. "आता बस, आणखी माणूस घेणार नाही," असं सणाच्या गर्दीला सांगणं, ते कमी पडलं. अर्थात घरी बसून हे लिहिणं सोपं आहे, हेही मला कळतं.

माझ्या वर्गात अक्राणीकडचा एक मुलगा आहे. वल्ह्याची होडी त्याला येते. शिडाचं ऐकून तो म्हणाला, "बाई, मग जगाला चक्कर मारणाऱ्या बायांना किती दिवस लागले शिकायला?"

त्यानिमित्तानं मीही नीट माहिती काढली. नौदलाच्या सहा अधिकारी, वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सोबतिणी, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. पंचावन्न फुटी होडी, गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेली. त्यांना शिकवलं कमांडर दिलीप दोंदे यांनी. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परत. पण त्यांचं हे काम सुरू झालं २००६ साली. होडीच नव्हती! रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधून होईपर्यंत दोंदे तिच्याभोवतीच. म्हणजे ती पाण्यात उतरली तेव्हा तिचा सांधा न् सांधा त्यांच्या ओळखीचा. पुढे या मुलीही 'म्हादेई'वरच शिकल्या. जगप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी मॉरिशसला जाऊन आल्या, केप टाऊनपर्यंत गेल्या. वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. इतकं करूनही परतीच्या वाटेवर 'तारिणी'च्या सुकाण्यात बिघाड झालाच आणि ठरलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. बिघाड होणार नाही इतकं कुणीच शिकत नाही. झाल्यावर होडी बंदराला लागेल इतकं शिकावं लागतं.

मग मी माझा हिशेब मांडला. सात उन्हाळे, दर खेपेला पंधरा दिवस, दिवसाला फार तर दोन तास. शेजारणींना ती सात वर्षं वाटतात. बेरीज केली तर दोनशे दहा तास. त्यातले आप्पा शेजारी नसतानाचे? शून्य.

हा आकडा मला का टोचतो ते सांगते. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. नजर मंदावली आहे, धक्क्यावरून होडीत पाय टाकताना त्यांना हात द्यावा लागतो. दादा पुण्याला असतो. "पडून कुजण्यापेक्षा विकून टाकू," असं त्याचं म्हणणं, आणि त्यात काही चूक नाही. गिऱ्हाईकही येऊन पाहून गेलं. मी फोनवर म्हटलं, "विकू नका, मी चालवीन." आप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नेशील ग. परत आणशील का?"

रागानं नव्हे, हिशेबानं विचारलं. आमचे हे मात्र म्हणाले, "वर्षातून पंधरा दिवसांसाठी होडी ठेवायची?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाईंकडे होतं. पोळपाट पुसत त्या म्हणाल्या, "खापर तरी वर्षातून कितीदा निघतं?"

तर या आखाजीला असं ठरलं आहे. पहिले आठ दिवस नेहमीसारखे. नवव्या दिवशी आप्पा धक्क्यावर खुर्ची टाकून बसतील आणि मी एकटी जाईन. तृतीयेपासून नववा दिवस म्हणजे एकादशी, क्षयवृद्धी नसेल तर, सव्वाआठला भरती. भांगाचं पाणी, ओढ कमी. सकाळचा वारा मंद. पलीकडच्या साळावच्या काठापर्यंत जायचं नि यायचं, खाडीच्या तोंडाकडे वळायचं नाही. आणि सकाळी उठून "आज नको" असं वाटलं तर तसं म्हणायची मला मुभा आहे, ही अट मीच घातली.

होडीला काजूच्या टरफलांचं तेल द्यायला गड्याला सांगून ठेवलं आहे. गिऱ्हाइकाला पावसाळ्यानंतर ये म्हणावं, असं दादाला कळवलं. आणि डबा सोबत घेणारच; उजवीकडची तिसरी फळी पहिले दोन दिवस पाणी घेते.