रिकामी सम

जमैकाच्या रेगे संगीतातल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली वाजतच नाही. बहुतेक पाश्चात्त्य नाचगाण्यांत जिथे जोर असतो, नेमका तिथेच ड्रमर हात आखडतो आणि तिसऱ्या मात्रेवर मोठा ढोल व स्नेअर एकदम पाडतो. दुसरी आणि चौथी मात्रा गिटारच्या तुटक आघातासाठी राखलेली. रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर, रिकाम्या जागी येते हे ज्यांच्या कानात मुरलं आहे, त्यांना याचं फार नवल वाटू नये. तरी पहिल्यांदा ऐकताना अंधारात जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतंच. मी या संगीताचा चाहता आहे तो त्या चुकलेल्या पायरीमुळे. स्का ते रेगे आणि पुढे डब, हा सगळा प्रवास मला एकेक वाद्य, एकेक सूर काढून ठेवण्याचा वाटतो. जमैकाच्या संगीतकारांनी जे वाजवलं त्याइतकंच, जे वाजवायचं टाळलं तेही मोलाचं आहे.

सुरुवात मात्र भरगच्च होती. ६ ऑगस्ट १९६२ला जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यावरच्या नाचांच्या भोंग्यांवर, स्का गाजत होता. अमेरिकन रेडिओवरचं ऱ्हिदम अँड ब्लूज, जॅझ आणि घरचं मेंटो हे लोकसंगीत यांचं ते रसायन. १९६४मध्ये जमलेल्या स्काटलाइट्स या बँडमधले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघे अल्फा बॉईज स्कूलचे. नन्सनी चालवलेल्या या शाळेत गरीब मुलांच्या हाती ट्रम्पेट-ट्रोम्बोन पडले. स्काटलाइट्सच्या वादनात पितळी वाद्यं श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. १९६६च्या सुमारास लय उतरली आणि रॉकस्टेडी आलं. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यात नाचणाऱ्यांना दम लागायचा म्हणून, अशी आख्यायिका आहे. कारण काहीही असो, पितळी वाद्यं मागे सरली आणि बेस गिटार अखंड चालण्याऐवजी थांबत थांबत बोलू लागली. १९६८पर्यंत रेगे उभं राहिलं. बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडमधल्या कार्लटन आणि ॲस्टन बॅरेट या भावांचे ड्रम आणि बेस ऐकले, की एकाने सोडलेल्या जागेत दुसरा कसा पाऊल टाकतो ते कळतं. पुढे किंग टबीने कमालच केली. हा मुळात विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. त्याने ध्वनिमुद्रित गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, गिटार काढली, मध्येच ढोलही काढला. उरलेल्या पोकळीत प्रतिध्वनी सोडला. त्यातून डब जन्मलं.

कोणी म्हणेल, यात सौंदर्यदृष्टी कसली, ही तर काटकसर. आक्षेप खरा आहे. मोठ्या ताफ्यापेक्षा चार वादक स्वस्त पडत, आणि एकच वादनपट दहा गायकांना देऊन निर्माता पैसे वाचवत असे. मूळ वादकांच्या हाती त्यातलं फारसं पडत नसे. तो अन्याय कुठल्याही रसग्रहणाने धुऊन निघत नाही. पण काटकसरीने जागा रिकामी होते, ती बोलकी होत नाही. त्यासाठी कान लागतो, आणि तो टबीकडे होता.

दुसरी तक्रार, सगळी गाणी सारखीच वाटतात. ‘रिअल रॉक’ हा स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण कंपनीचा १९६७चा वादनपट, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘रिडिम’, पुढे असंख्य गाण्यांखाली वाजला. पण जात्यावरच्या ओव्यांची चाल तरी कुठे दरवेळी नवी असते? चाल ठरलेली असली की लक्ष शब्दांकडे जातं. यू-रॉयसारखे डीजे गाणं काढून घेतलेल्या वादनपटावर बोलू लागले ते त्याचमुळे.

अधिक अवघड आक्षेप ब्रिटनमधून येतो. १९७९मध्ये कॉव्हेंट्रीच्या टू टोन कंपनीने काळ्या-गोऱ्या वादकांना एकत्र आणून वेगवान स्काच पुन्हा जिवंत केला. मग कमी करण्याचा सिद्धान्त टिकतो कुठे? याच मंडळींतल्या द स्पेशल्सचं ‘घोस्ट टाउन’ ऐकावं. जुलै १९८१मध्ये इंग्लंडच्या शहरांत दंगली पेटल्या असताना ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ओस पडलेल्या शहराबद्दल बोलायची वेळ आली, तेव्हा त्यांनाही वेग सोडून रेगेच्या संथ, पोकळ चालीकडेच यावं लागलं.

उरला आळसाचा आरोप. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टी-शर्टांनी मार्लीला गांजाचा जाहिरातदार करून ठेवलं आहे. गंमत म्हणजे ‘गांजा’ हा शब्द जमैकात नेला तो १८४५पासून तिथे गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांनी. संथ म्हणजे सुस्त, असं मानणाऱ्याने टेबलावर बोटांनी वन ड्रॉप धरून पाहावा. पहिली मात्रा वाजवायची नाही, पण चुकवायचीही नाही, आणि असं आवर्तनामागून आवर्तन. हात थांबलेला असताना मोजणी चालूच ठेवावी लागते. ऐकणाऱ्यालाही तेच करावं लागतं: न वाजलेली सम आपली आपण धरायची.