पाडायला काढलेलं गुऱ्हाळघर

वाचकहो, तुमच्याही रानात नाहीतर परड्यात एखादी जुनी इमारत असेल. कौलं सरकलेली, भिंतींना पोपडे सुटलेले. घरातलं कोणीतरी म्हणत असेल, "पाडून टाकू या, जागा तरी मोकळी होईल." पाडायच्या आधी माझी हकिकत ऐका.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, नदीकाठचं. माझ्या मामंजींनी रानातल्या उंचवट्यावर गुऱ्हाळघर बांधलं होतं. काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या जाड भिंती, फणसाचे वासे आणि वर मंगलोरी कौलं. कोल्हापूरचा गूळ म्हणजे काही आजची गोष्ट नव्हे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. मी सासरी आले तेव्हा दिवाळी झाली की आमचं चुलवाण पेटायचं ते शिमग्यापर्यंत विझायचं नाही. पुढं ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुळव्ये मिळेनात, आणि मामंजींच्या माघारी काहील पालथी पडली.

२०१९ च्या उन्हाळ्यात थोरल्या मुलानं ठरवलं, हे पाडायचं आणि स्लॅबचं गोडाऊन बांधून भाड्यानं द्यायचं. हिशेब त्यानं कागदावर मांडून दाखवला. त्यात चूक काही नव्हती. मलाच नाही म्हणायला कारण सापडेना. नुसत्या आठवणींवर घर चालत नाही, हे मलाही कळतं.

त्याच ऑगस्टात महापूर आला. गावातल्या घरात पाणी शिरलं. रात्री जनावरं सोडून आम्ही रानाकडं निघालो. त्या गुऱ्हाळघरात सहा म्हशी आणि आम्ही सातजण आठ दिवस राहिलो. पाणी जोत्याच्या खाली दोन हातांवर थांबलं. मामंजींनी ती जागा का निवडली, ते त्या रात्री समजलं. मुलगा काही बोलला नाही, पण पाडायचा विषयही त्यानं पुन्हा काढला नाही.

हिवाळ्यात आमचे जुने गुळव्या आबा भेटायला आले. मुलगा म्हणाला, "आबा, गुऱ्हाळ परत काढलं तर? पण वर स्लॅब टाकू." आबांनी एकच प्रश्न विचारला, "आणि वाफ कुठं जाणार रं?"

बघा, उसाच्या रसात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. ते सगळं वाफ होऊन वर जातं. स्लॅबखाली ती अडते, थेंब होऊन परत काहिलीत नाहीतर वाफ्यातल्या गुळावर पडते. कौलांच्या फटींतून आणि आढ्याजवळच्या उघड्या जागेतून ती सरळ निघून जाते. जुन्या लोकांनी ते छप्पर काम बघूनच घातलं होतं.

मग आम्ही दुरुस्तीला लागलो, आणि पहिली चूक केली. मजबुतीसाठी म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. पावसाळ्यात ओल आत कोंडली आणि श्रावणात गिलाव्याचे पत्रेच्या पत्रे गळून पडले. पैसे पाण्यात गेले. मग एका म्हाताऱ्या गवंड्यानं चुन्याचं काम करून दिलं. चुना भिजवून मुरवला, त्यात वाळू, हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी घातलं. गुळाच्या घराला गुळाचाच गिलावा! ती भिंत आजही कोरडी आहे.

जुनं सगळंच मात्र आम्ही ठेवलं नाही. वाफ्याभोवतीची मातीची जमीन काढून शहाबादी फरशी घातली, म्हणजे रोज धुता येते. कौलांखाली बारीक जाळी मारली, पाखरांची घाण खाली पडू नये म्हणून. हात धुवायला नळ आणला, अन्न सुरक्षेची नोंदणी केली. खाण्याचा जिन्नस करायचा तर स्वच्छतेत जुनंपण चालत नाही.

२०२० च्या दिवाळीनंतर चुलवाण पेटलं. जळण विकतचं नाही, वाळवलेली चिपाडंच. राख रानात जाते. रस निवळायला रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी घालतो. मळी वर येते, ती काढून टाकायची. रंग उजळायची पावडर घालत नाही. एक टन उसाला १०० ते १२० किलो गूळ पडतो.

त्या गुळाचा रंग तांबूस. पहिल्या सौद्यात एका व्यापाऱ्यानं ढेप बघून तोंड फिरवलं. पिवळ्या गुळापेक्षा कमी दर मिळाला. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं आपोआप दर मिळत नाही. मग सुनेनं एक-एक किलोच्या ढेपा पाडायला लावल्या आणि नात्यागोत्यात, ओळखीत विकल्या. गिऱ्हाईक गुऱ्हाळ बघायला येऊ लागलं. काकवी पिऊन, चार ढेपा घेऊन जाऊ लागलं. पहिल्या वर्षी हाती फार उरलं नाही, तिसऱ्या वर्षी दुरुस्तीचं कर्ज फिटलं. गोडाऊनच्या भाड्याएवढं येतं का, असं विचाराल तर एखाद्या साली येतं, एखाद्या साली नाही. पण सुगीत गावातल्या नऊ माणसांना काम मिळतं.

बायांनो, बाबांनो, प्रत्येक जुनं घर राखा असं मी म्हणत नाही. भिंत पोटातून फुगली असेल, पाया खचला असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवा आणि तो म्हणेल तसं करा. पण घर धड असेल तर आधी ते कशासाठी बांधलं होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवरच विचारा. आमचे आबा गेल्या सालापासून काहिलीपाशी उभे राहू शकत नाहीत. बाजल्यावर बसून थोरल्याला पाक कधी आला ते सांगतात. तो थंड पाण्यात टाकलेली गोळी बोटांनी दाबून बघतो, आबांकडं बघतो, आणि आबांनी मान हलवली की काहील उतरते.