मोटारीची गव्हाण

घरात नवी वस्तू आणणे सोपे असते. ती ठेवायची कुठे हे ठरवणे कठीण. बाजारात पैसे मोजले की वस्तू आपली होते. पण घरात तिला जागा द्यायची म्हणजे आधीपासून बसलेल्या कोणाला तरी जरा सरकायला सांगावे लागते. माझ्या लहानपणी आमच्याकडे टेलिफोन आला, तेव्हा तो आठवडाभर जागेसाठी वणवण करीत होता. बाहेरच्या खोलीत ठेवावा तर येणारेजाणारे हक्काने फिरवणार, आतल्या खोलीत ठेवावा तर आजीच्या जपात घंटी वाजणार. अखेर जिन्याच्या वळणावरच्या कोनाड्यात त्याची स्थापना झाली, आणि पुढची कित्येक वर्षे आमच्या घरातली सारी सुखदुःखे उभ्याउभ्यानेच ऐकली गेली.

यंदा ही पाळी विजेच्या मोटारीची आली. मोटार स्वतः बिचारी काही मागत नाही. नेमून दिलेल्या जागी चार चाकांवर मुकाट उभी राहते. प्रश्न तिच्या जेवणाचा. पेट्रोलची मोटार खानावळीत जेवून घरी येते. हिला मात्र रोज रात्री घरचे पान लागते. पूर्वीच्या वाड्यांत गोठा असे आणि गोठ्यात गव्हाण. गव्हाण कुठे बांधावी याचेही एक शास्त्र होते. वैरण टाकणाऱ्याला सोयीची हवी, पावसाचे पाणी तीत येता कामा नये, आणि जनावराला मान वाकडी करावी लागू नये. चार्जरचे सारे शास्त्र ऐकून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की यात नवे काही नाही. फक्त वैरणीच्या जागी वीज आली आहे.

आमचे घर पुण्यात सहकारनगरात. वडिलांनी घर बांधले तेव्हा हौसेने गॅरेज बांधले. मोटार मात्र आयुष्यात घेतली नाही. 'गॅरेज' हा शब्द फ्रेंचांचा. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ आसरा देणे. मराठीने देवघर केले, कोठीघर केले, न्हाणीघरसुद्धा केले. पण मोटारीला काही तिने घर बांधून दिले नाही. आमच्या गॅरेजने मात्र आपल्या नावाचा मूळ अर्थ इमानाने पाळला. वडिलांची स्कूटर, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचे मखर, मोडक्या खुर्च्या, एक मोटार सोडली तर त्याने सर्वांना आसरा दिला. आणि गेली अठरा वर्षे फाटकाजवळ, उजव्या भिंतीशी, मीटरच्या शेजारी इस्त्रीवाल्या काकांचे टेबल आहे. कोळशाची जड इस्त्री, पाण्याचा गडू आणि एक लहानसा रेडिओ, एवढा त्यांचा संसार. सकाळी नऊला येतात, संध्याकाळी सातला निखारे विझवून जातात.

वायरमन आले. त्यांनी फीत काढली, भिंती ठोकून पाहिल्या, आणि डॉक्टरांनी नाडी सोडावी तसे मीटरवरचे बोट काढून म्हणाले, "जागा हीच. मीटर जवळ, वायर कमी, खर्च कमी." जागा होती ती नेमकी काकांच्या टेबलामागची. "पण निखाऱ्याशेजारी मी हे लावणार नाही. हे टेबल हलवा."

मग घरात संमेलन भरले. मागची भिंत सुचवण्यात आली. पण आमच्या मोटारीचे तोंड, म्हणजे वीज घेण्याचे, मागल्या बाजूस डावीकडे. काही मोटारींना ते नाकावर असते. आमची गल्ली अरुंद, त्यामुळे मोटार नाक पुढे करूनच आत जाणार. म्हणजे मागच्या भिंतीवरून पाचएक मीटरची केबल मोटारीच्या अंगावरून शेपटापर्यंत ओढत आणायची. रोज कोणीतरी तीत पाय अडकून पडणार. आईने वास्तुशास्त्र काढले. अग्नी आग्नेय दिशेला असावा. कन्येने तत्परतेने मोबाइलवर होकायंत्र लावले. आग्नेय कोपरा निघाला तो काकांचाच! "बघा," आई म्हणाली, "तिथे अग्नी आधीच बसलाय. एका चुलीवर दुसरी चूल मांडत नाहीत." वास्तुशास्त्राचा एवढा माणुसकीचा अर्थ मी तरी पूर्वी ऐकला नव्हता.

आमच्या चर्चेला इतिहासाचे वजन यावे म्हणून मी सांगितले, की विजेच्या मोटारीला घरी जेवू घालणे ही आजची गोष्ट नव्हे. ज्या हेन्री फोर्डने साऱ्या जगाला पेट्रोलच्या मोटारीत बसवले, त्याची पत्नी क्लारा ही स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाची विजेची मोटार चालवीत असे. तिची १९१४ सालची गाडी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे २००१ साली बंगळूरची 'रेवा' आली, तीही साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर तृप्त होई. माझ्या या व्याख्यानाला वर्गात मिळतो तेवढाच प्रतिसाद घरी मिळाला.

चर्चा आतल्या खोलीत चालली होती. पण गॅरेज आणि ती खोली यांच्यामध्ये खिडकी आहे. दुसऱ्या दिवशी काकांनी चहाचा कप परत देताना सहज सांगावे तसे सांगितले, "सर, पुढच्या गल्लीत एका सोसायटीच्या जिन्याखाली जागा आहे म्हणतात. बघून येतो." ते एवढेच बोलले. पण त्या दिवशी त्यांचा रेडिओ बंद होता. अठरा वर्षांत या माणसाने वडिलांच्या धोतराला, माझ्या लग्नाच्या सदऱ्याला आणि कन्येच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री केली. वडील गेले तेव्हा काकांनी तेरा दिवस आमच्या घरच्या कपड्यांचे पैसे घेतले नव्हते. आणि आता दोन हात तांब्याची तार वाचवण्यासाठी हा माणूस जिन्याखाली जाणार होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मार्ग काढला तो पत्नीने. ती बँकेत आहे. आकड्यांना ती भीत नाही. तिने कागद ओढला आणि विचारले, "आपण रोज चालवणार किती?" तिची बँक, माझे कॉलेज, आईचे डॉक्टर, सगळे मिळून दिवसाला ३५ किलोमीटर. मोटार एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजची भूक पाच युनिटांची. "मग तिला पंक्तीचे जेवण कशाला? साधे पोळीभाजीचे ताट पुरे!"

वायरमनच्या मनात होती ती ७.२ किलोवॉटची मोठी पेटी. तिला ३२ अँपिअर वीज लागते, निदान सहा एमएमची जाड वायर लागते, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. म्हणूनच त्यांना मीटरची सलगी हवी होती. पण ३.३ किलोवॉटला १६ अँपिअरचा भक्कम प्लग आणि चार एमएमची वायर पुरते. पाच युनिटे दोन तासांच्या आत भरतात. ३० युनिटांची अख्खी बॅटरी रिकामी असली तरी दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत, भरते. शिवाय भिंतीवरच्या पेटीला आपण चार्जर म्हणतो ते केवळ सौजन्याने. घरच्या विजेवर खरा चार्जर मोटारीच्या पोटात असतो. त्याला जेवढी पचते तेवढीच वीज तो घेणार, भिंतीवर कितीही मोठा वाढपी उभा करा.

एकदा भूक मोजल्यावर जागेचा प्रश्न आपोआप सुटला. वायर बारीक झाली, तेव्हा ती लांब नेणे परवडू लागले. मीटरपासून छताच्या कडेने नळीतून डाव्या भिंतीवर, फाटकाच्या बाजूला, नेमकी मोटारीच्या तोंडासमोर ती उतरली. काकांचे निखारे गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खी मोटार. आणि काका दिवसा, वीज रात्री. वायरमननीही मान डोलावली, पण दोन अटी घातल्या. गीझरच्या जुन्या वायरीला हात लावायचा नाही. हा भार तासन्तास चालणारा, त्याला मीटरपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र स्विच हवा. आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवलेच पाहिजे.

उंचीचा निर्णय भिंतीनेच दिला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता, तेव्हा आमच्या गॅरेजात शिरलेल्या पाण्याची रेघ डाव्या भिंतीवर अजून आहे. मांडीइतकी उंच. दरवर्षी रंग काढताना ती पुसायची राहते. बहुधा कोणालाच ती पुसावीशी वाटत नाही. प्लग त्या रेघेच्या वर, माझ्या छातीपाशी बसवला.

राहिले अर्थिंग. जुने अर्थिंग निकामी झाले होते. अंगणात नवा खड्डा खणला आणि वायरमननी यादी दिली: मीठ आणि लाकडी कोळसा. जमिनीत ओल धरून राहावी आणि वीज सुखाने मातीत उतरावी म्हणून नळीभोवती यांचे थर देतात. मी पिशवी घेऊन कोळशाच्या शोधात निघालो, तर काकांनी फाटकातच अडवले. "कोळसा बाहेरून आणणार, सर?" त्यांनी आपल्या पोत्यातून घमेले भरभरून कोळसा दिला, आणि खड्ड्याशी उकिडवे बसून थर स्वतः दाबले. पैसे विचारले तर इस्त्री उचलून ते कामालाच लागले. थोड्या वेळाने रेडिओ ऐकू आला.

मोटार आता रोज रात्री आपल्या गव्हाणीवर असते. अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावे लागते असे वायरमन सांगून गेले. ते आईने मनावर घेतले आहे. सकाळी तुळशीला पाणी घातले की उरलेला तांब्या ती त्या खड्ड्यात ओतते, उन्हाळा असो वा नसो.