आमचें विमान

वर्गांत बसलें असतां खिडकीबाहेर विमानाचा आवाज आला, कीं तुम्हां सर्वांच्या माना एकदम वळतात, आणि आम्ही टेबलावर डस्टर आपटून त्या पुनः पुस्तकाकडे वळवितों. याबद्दल ज्यांनीं आमच्यावर मनांतल्या मनांत राग धरला असेल, त्यांच्यापाशीं आज एक गोष्ट कबूल करावयाची आहे. डस्टर आपटण्यापूर्वीं आमचेंहि लक्ष खिडकीबाहेर गेलेलें असतें. आणि तें विमान पंख्याचें आहे कीं जेटचें आहे, हें आम्हीं आवाजावरून ठरविलेलेंहि असतें.

आमचें बाळपण पुण्यास लोहगांव विमानतळाच्या बाजूस गेलें. शाळा सुटली, कीं पाठीवरचें दप्तर न उतरवितां आम्ही कुंपणापाशीं जाऊन उभे राहत असूं. सन १९९८ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, आम्ही वायुदलाच्या निवडीसाठीं गेलों. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. शेवटीं वैद्यकीय तपासणींत डॉक्टरांनीं रंगीत ठिपक्यांचें एक पुस्तक पुढें धरलें. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रवैद्यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलेलीं हीं चित्रें. इतरांस त्या ठिपक्यांत आंकडे दिसतात. आम्हांस ठिपकेच दिसले. लाल व हिरवा यांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट कळत नाहीं, हें त्या दिवशीं आम्हांस प्रथम समजलें. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यास स्वतःच्या दृष्टींत असाच दोष आढळला व १७९४ सालीं त्यानें त्यावर निबंध वाचला, हें पुढें आमच्या वाचनांत आलें. परंतु थोरांच्या पंक्तीस बसल्याचें समाधान अठराव्या वर्षीं पुरत नाहीं. आम्ही पदवीधर झालों, शिक्षक झालों, आणि घरांत विमानाचें नांव काढणें सोडून दिलें.

सन २०२४ च्या मे महिन्यांत आमची दोन लक्ष रुपयांची एक ठेव मुदत भरून हातीं आली. घराच्या गच्चीला दोन पावसाळे गळती लागली होती, आणि पैसे आले कीं प्रथम गच्ची, असा घरांत ठराव होता. परंतु त्याच सुमारास नववीची परीक्षा दिलेली आमची कन्या, पुढें काय व्हावें याची यादी करतां करतां, डॉक्टर, वकील व छायाचित्रकार यांच्यामागून ‘पायलट’ असेंहि एकदां म्हणाली. तो एक शब्द आम्हीं अधाशीपणानें उचलला. संगणकावर हुबेहूब विमान चालविण्याचा अभ्यास करतां येतो, मुलीच्या भविष्यासाठीं असा एक उत्तम संगणक घरीं असावा, असें आम्हीं पत्नीस सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. फक्त छताकडे पाहिलें.

बोललों तें अगदींच खोटें नव्हतें. जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत एडविन लिंक नांवाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन यांचा कारखाना होता. ऑर्गनास वारा पुरविणारे भाते घेऊन त्यानें १९२९ सालीं लांकडाचें एक लहानसें विमान असें बसविलें, कीं आंतील मनुष्यानें दांडा हालविला म्हणजे तें खऱ्या विमानासारखें कलत असे. प्रारंभीं त्याचा उपयोग जत्रेंतील खेळण्याप्रमाणें झाला. परंतु १९३४ सालीं टपाल नेणारे अनेक वैमानिक धुक्यांत व अंधारांत मरण पावल्यावर अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. पुढें १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यानें घरगुती संगणकावर उड्डाणाचा कार्यक्रम रचला. त्यांत डोंगर म्हणजे चार रेघा असत, आणि पडदा सेकंदास मोजकीं चित्रें दाखवीत असे. मायक्रोसॉफ्टनें १९८२ सालीं त्याच वंशांतील ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारांत आणला. २०२० सालच्या आवृत्तींत तर सबंध पृथ्वी, उपग्रहांनीं व विमानांनीं टिपलेल्या चित्रांवरून उभी केली आहे. हीं चित्रें इतकीं अफाट आहेत, कीं तीं घरच्या संगणकांत मावत नाहींत. उड्डाण चालू असतांना तीं इंटरनेटवरून येत राहतात.

मग आम्हीं यादी केली. पेपर तपासतांना जी काळजी आम्ही घेतों तिच्या दसपट काळजी घेतली, असें आम्हांस वाटत होतें. यादीच्या शिरोभागीं त्या वेळचें सर्वांत बलाढ्य ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाचें ४०९०, हें होतें. एकट्या त्याच्याच किंमतींत आमची ठेव जवळजवळ संपत होती. म्हणून बाकीचे भाग जुने, स्वस्त, जसे मिळतील तसे घ्यावे, असें आम्हीं ठरविलें.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें संगणकाचें दुकान आहे. शाळेंत असतां त्यास आम्हीं गणितांत पंचवीसपैकीं नऊ गुण दिले होते. आम्ही कन्येसह तेथें गेलों. त्यानें खुर्ची पुसून दिली, चहा मागविला, आणि यादी वाचून नम्रपणें म्हणाला, “सर, रागावूं नका, पण ही बेरीज चुकली आहे.”

त्यानें जें समजावून सांगितलें तें आम्ही आमच्या भाषेंत येथें देतों. कचेरींत सोळा कारकून असले, पण सही करणारा अधिकारी एकच असला, तर कागद त्या अधिकाऱ्याच्याच वेगानें सुटतात. उड्डाणाच्या कार्यक्रमांत वारा, पंखांवरील दाब, हवामान, विमानांतील उपकरणें, आकाशांतील इतर विमानें या सर्वांचा हिशेब दर क्षणीं करावा लागतो, आणि त्यांतील बराचसा एकाच रांगेनें, एकामागून एक व्हावा लागतो. हें काम प्रोसेसरचें. त्याचा हिशेब झाल्यावांचून चित्र काढणारें कार्ड पुढें सरकूं शकत नाहीं. मंद अधिकाऱ्यापुढें चपळ चित्रकार बसविला, तर चित्रकार जांभया देत बसतो.

दुसरी गोष्ट स्मरणाची. हातीं लागणारे कागद टेबलावर असले तर काम झपाट्यानें होतें. प्रत्येक कागदासाठीं दप्तरखान्यांत जावें लागलें तर दिवस जातो. प्रोसेसरच्या टेबलास कॅश म्हणतात. एएमडी कंपनीनें एप्रिल २०२३ मध्यें काढलेल्या रायझन ७८००एक्स३डी या प्रोसेसरांत मूळच्या ३२ मेगाबाइटांवर ६४ मेगाबाइटांचा आणखी एक मजला चढवून हें टेबल ९६ मेगाबाइटांचें केलें आहे. उड्डाणाच्या कार्यक्रमास या मोठ्या टेबलाचा फार फायदा होतो.

यानंतर त्यानें तीन प्रश्न विचारले. पहिला, पडदा केवढा? फोर-के पडद्यावर प्रत्येक चित्रासाठीं ८२,९४,४०० बिंदू रंगवावे लागतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००, म्हणजे निम्म्याहूनहि कमी. बलाढ्य कार्ड लागतें तें मुख्यतः त्या अधिक बिंदूंसाठीं. दुसरा प्रश्न, सेकंदास किती चित्रें हवींत? बंदुकांच्या खेळांत क्षणाचाहि विलंब घातक असतो, म्हणून तेथें शंभराच्या वर लागतात. विमान सावकाश वळतें. तेथें चाळीस चित्रेंहि, जर तीं समान अंतरानें येत असतील तर, डोळ्यांस पुरतात. मध्येंच धक्के बसूं नयेत, हें महत्त्वाचें. येथवर आम्हीं उत्तरें दिलीं.

तिसरा प्रश्न त्यानें सहज विचारला. “सर, यावर बसणार कोण? त्याप्रमाणें दांडा आणि पॅडल निवडतां येतील.”

“आमची कन्या,” आम्ही म्हणालों.

कन्येनें चहाचा पेला खालीं ठेवला. “मी? पप्पा, मला विमानाचें एवढें कांहीं नाहीं. पण हें सगळें जुळवायला मिळणार असेल, तर मी जुळवीन.”

दुकानांत माणसें होतीं. कोणी हसलें नाहीं. तरी इशिहाराच्या पुस्तकापुढें बसल्यावेळीं जसे कान तापले होते तसेच ते पुनः तापले. तेव्हां दोष डोळ्यांत होता. आतां तो बोलण्यांत होता. वस्तु घेऊं नये असें नाहीं; पण जी आपल्यासाठीं हवी ती लेकराच्या नांवानें मागितली, हें आमच्या पदरीं पडलें. आम्हीं यादी खिशांत घातली आणि कांहींहि न घेतां घरीं परतलों.

रात्रीं पत्नीस सर्व सांगितलें. कुंपणापाशीं उभा राहणारा मुलगाहि सांगितला. लग्नास अठरा वर्षें झालीं तरी तो तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, “अहो, मग असें सांगायचें होतें. तुम्हांला हवें आहे, एवढेंच पुरे होतें. मुलीवर कशाला घालतां?” थोड्या वेळानें म्हणाली, “पण गच्ची आधीं.”

गच्चीस तीस हजार लागले. उरलेल्या एक लक्ष सत्तर हजारांची यादी आम्हीं तिघांनीं मिळून केली. प्रोसेसर तोच ७८००एक्स३डी. तेथें काटकसर केली नाहीं. कार्ड मात्र कांहीं पायऱ्या खालीं उतरून ४०७० सुपर, १२ गिगाबाइट स्मृतीचें व २२० वॅट वीज खाणारें. रॅम ३२ गिगाबाइट. दोन टेराबाइटांची एसएसडी. सत्तावीस इंची पडदा. पॉवर सप्लाय ७५० वॅटांचा व चांगल्या प्रतीचा, कारण मनुष्य हाच भाग स्वस्त घेतो आणि तोच बिघडला तर शेजारच्या महाग भागांस घेऊन बुडतो. आमच्याकडे वीज मध्येंच जाते, म्हणून एक यूपीएस. उन्हाळ्याचा विचार करून वारा खेळेल असें जाळीचें कॅबिनेट घेतलें. दिव्यांची रोषणाई असलेलें घेतलें नाहीं. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ति निघाली, तिच्या शिफारशींत ३२ गिगाबाइट रॅम होती व सर्वोत्तम दर्जासाठीं ६४. तेव्हां आमची निवड अगदींच चुकली नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

जुळणी कन्येनें केली. आम्हीं स्क्रू धरले. तारांचे लाल-हिरवे रंग आम्हांस सांगतां येत नसत, म्हणून ती आम्हांस तारांच्या टोंकांवरील अक्षरें वाचावयास सांगे. सायंकाळीं यंत्र सुरू झालें. परंतु विमान आकाशांत नेलें तों काय पाहावें! चित्र सेकंदास चार-पांच वेळांच हालत होतें. आर्टविकचा जुना काळच परत आला. एक लक्ष सत्तर हजार रुपये आणि इतक्या वर्षांची इच्छा मातींत गेली, असें वाटून आम्ही खुर्चींत तसेच बसून राहिलों. कन्या मात्र यंत्राच्या मागें वांकली आणि म्हणाली, “पप्पा, पडद्याची तार तुम्हीं मदरबोर्डाला लावली आहे. कार्डाला लावायची होती.” प्रोसेसरांतहि एक लहानसा चित्रकार असतो, बिचारा तोच एकटा राबत होता, आणि आमचें महागडें कार्ड कोणी काम सांगत नाहीं म्हणून स्वस्थ बसलें होतें. तार बदलली, आणि सह्याद्रि डोळ्यांपुढें उभा राहिला.

आम्हीं पहिलें उड्डाण जुहूहून केलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले होते. आमचें विमान चार आसनांचें लहान सेसना. माथेरान डावीकडे ठेवून खंडाळ्याचा घाट ओलांडला, लोणावळ्याचीं तळीं खालून गेलीं, आणि सूर्यास्ताच्या सुमारास लोहगांवची धांवपट्टी समोर आली. धांवपट्टीच्या कडेस चार दिव्यांची एक रांग असते. विमान योग्य उतारावर असेल तर दोन लाल व दोन पांढरे दिसतात. पांढरे वाढले तर आपण फार उंच, लाल वाढले तर फार खालीं. संध्याकाळच्या त्या तांबूस उजेडांत आमच्या डोळ्यांची खात्री होईना.

“तीन लाल,” कन्या शेजारच्या स्टुलावरून म्हणाली. “थोडें वर घ्या, पप्पा. . . . आतां दोन-दोन.”

तें कुंपण पडद्यावर होतें कीं नव्हतें, हें पाहण्यास आम्हांस सवड मिळाली नाहीं. चाकें टेकलीं, दोन उड्या मारून विमान थांबलें. त्या वर्षीं जूनमध्यें पाऊस लागला तेव्हां गच्ची गळली नाहीं. खालीं बसून आम्ही निश्चिंतपणें उडत होतों.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांपैकीं कित्येक जण असें यंत्र घरीं मागतील, व आईबाप तें देतां येईल कीं नाहीं याचा विचार करतील. दोघांसहि आम्ही एवढेंच सांगूं, कीं यादी लिहिण्यापूर्वीं आमच्या त्या विद्यार्थ्याचा तिसरा प्रश्न स्वतःस विचारा, आणि त्याचें उत्तर खरें द्या. बाकीचे भाग मग आपोआप जुळतात. पंचवीसपैकीं नऊ गुणांबद्दल आम्हीं त्याची क्षमा मागितली आहे. आणि वर्गांत विमानाचा आवाज आला, तर यापुढें डस्टर आपटण्यापूर्वीं आम्ही मनांत दहा अंक मोजूं. तेवढ्यांत ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पाहून घ्यावें.