मुरुडची पुळण

समुद्र पाहणे निराळे आणि समुद्राच्या काठाने चालणे निराळे. पाहणारा मनुष्य मोटारीतून उतरतो, दोन छायाचित्रे टिपतो, शहाळे पितो आणि अर्ध्या तासात ‘झाला समुद्र’ म्हणून परत फिरतो. चालणाऱ्यास मात्र समुद्राची मर्जी सांभाळावी लागते. आज पाणी किती मागे हटणार, ओली वाळू कोठवर घट्ट लागेल, परतताना वाट उरेल की नाही, हे त्यालाच विचारून पाऊल टाकावे लागते. घरात ज्याच्या शब्दावाचून पान हलत नाही अशा माणसाला तर ही पराधीनता औषधासारखी लागू पडते, असे मला वाटते.

मुरुड म्हटले की बहुतेकांना सिद्दीचा जंजिरा आठवतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. मी लिहीत आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीहून आसूदच्या झाडीतून खाली उतरल्यावर लागणारे. एक सरळ रस्ता, दोहों बाजूंस घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि एका बाजूच्या वाड्या संपल्या की सुरूच्या झाडांपलीकडे एकदम मोकळी पुळण. उत्तरेस हर्णैच्या समोर सुवर्णदुर्गाचा तट पाण्यातून वर आलेला दिसतो. शिवरायांनी तो १६६० मध्ये घेतला, तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने जिंकला, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव लागले. पुळणीवर चालताना तो सारखा डोळ्यांसमोर असतो, पण जवळ येत नाही. चालणाऱ्याला ह्याहून चांगली सोबत नाही.

आम्ही तेथे गेलो ते २०२२ च्या मार्गशीर्षात. त्या वर्षी श्रावणात आमचे थोरले बंधू गेले. आमचे कुटुंब एकत्र आहे, तेरा माणसांचे. आणि अशा घरात दुःखालाही एकांत मिळत नाही. समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते, प्रत्येकाला तेच पुन्हा सांगावे लागते, आणि सांगता सांगता सांगणारा कोरडा होत जातो. वहिनींचे तसेच झाले. पस्तीस वर्षे घरातले सणवार, उपास, कुळाचार त्यांच्या जिभेवर होते; कोणती तिथी केव्हा लागते आणि केव्हा सरते हे विचारावयास आम्ही पंचांगाकडे न जाता त्यांच्याकडे जात असू. श्रावणानंतर त्यांनी ते सोडून दिले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचे पान ऑगस्टवर राहिले होते, आणि ते उलटण्याचा धीर आम्हां कोणालाच होत नव्हता. शेवटी माझ्या पत्नीनेच हट्ट धरला, आणि आम्ही तिघे चार दिवसांसाठी मुरुडास एका परिचितांच्या घरी उतरलो.

पहिल्या संध्याकाळी निराशाच पदरी आली. आम्ही सहाच्या सुमारास पुळणीवर गेलो तो समुद्र तुडुंब भरलेला, पाणी सुरूच्या झाडांपासून थोड्याच अंतरावर. उरलेल्या पट्ट्यात भुसभुशीत कोरडी वाळू. पाऊल घोट्यापर्यंत रुते. वहिनी दहा पावले चालल्या आणि बसल्या. त्यातच कोणी हौशी मंडळी आपली मोटार वाळूवर फिरवीत होती. (पुळण म्हणजे मोटारीची शर्यत लावण्याचे मैदान आहे, ही समजूत कोणी पसरविली कोण जाणे! ह्याच किनाऱ्यावर, अंजर्ल्याला आणि वेळासला, हिवाळ्यात समुद्रकासवे वाळू उकरून अंडी घालतात. वेळासला तर २००२ पासून ती राखण्याचे काम चालले आहे. एका चाकाखाली काय काय चिरडत असेल ह्याचा विचार करावा.)

घरी परत आल्यावर यजमानांच्या वृद्ध मातोश्री हसून म्हणाल्या, “आज अष्टमी हो! अष्टमीला सहाला भरती, हे काय नवीन? तिथी न बघता कशाला गेलात?”

मग त्यांनी आम्हाला ती जुनी रीत सांगितली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तो ढोबळ मानाने भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पुनवेला व अवसेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, कारण भरती दिवसातून दोनदा येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. ही रीत तिथीमागे पाऊण तास धरते. प्रत्यक्षात भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पण चालणाऱ्याचे तेवढ्याने काही बिघडत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एका रेषेत पडून समुद्राला उधाण येते. तेव्हा भरती जशी मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि पुळण सर्वांत रुंद. अष्टमीच्या आगेमागे पाण्याची चढउतार थोडी. त्याला कोकणात भांग म्हणतात.

मी हे ऐकून वहीत टिपीत होतो. वहिनी मात्र बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या होत्या. “त्रयोदशीला पावणेदहा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे ओहोटी चारला. पुनवेला सहाला.” आणि जरा थांबून, “भावोजी, परतीचे पुनवेनंतर पाहा. घरी फोन करून पुनव बुधवारी आहे की गुरुवारी ते सुनेला विचारून घ्या.” मी फोन केला. सुनेने कॅलेंडर काढून पाने उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. पुनव बुधवारी सकाळी लागत होती.

पुढचे दिवस आम्ही समुद्राच्या घड्याळाप्रमाणे काढले. दशमीला दुपारी सव्वाच्या सुमारास ओहोटी आली तर जेवणे उशिरा झाली, आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटे, दुपारनंतर खारा वारा फिरे. पाणी उतरलेल्या वाळूवर बोराएवढ्याही नव्हेत, मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी उमटलेली असे. इवलाले खेकडे वाळूतला आपला आहार टिपून उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात, त्याची ही रांगोळी. पुढची भरती ती पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला ते पुन्हा मांडतात. वहिनी तिच्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून चालत. त्या काय विचार करीत होत्या ते मी विचारले नाही. समुद्रही विचारीत नव्हता.

समुद्र केवळ शांत करणारा आहे असे मात्र कोणी समजू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ ह्या पट्ट्यावरून गेले आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या यजमानांच्या वाडीत आजोबांच्या हातच्या पोफळी होत्या. आता तेथे कमरेएवढी रोपे होती; पोफळ हाती यावयास सहा-सात वर्षे जातात. मातोश्रींनी वहिनींना वाडी दाखविली, पडलेली माडे कोठून कोठे पडली ते काठीने आखून दाखविले, आणि मग रोपांना पाणी घालावयास लावले. त्या दोघींचे त्या वाडीत काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. परत आल्या तेव्हा दोघींचीही लुगडी-साड्या पोटरीपर्यंत भिजलेल्या होत्या.

ह्याच गावचे अण्णासाहेब कर्वे. सतरा-अठरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेले, ही हकीकत पुष्कळांना माहीत असेल. पुढे १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला तेव्हा ह्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, हेही माहीत असेल. १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले. मी ह्या गोष्टी वहिनींना सांगू लागलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “त्या बाईंना कोणी ह्या पुळणीवर एकटे फिरू दिले असेल का हो?” मला उत्तर देता आले नाही.

पुनवेच्या संध्याकाळी पाणी इतके लांब गेले की ओल्या वाळूत आकाश दिसू लागले. आम्ही कर्द्याच्या दिशेने निघालो. मी आणि पत्नी मागे, वहिनी पुढे. त्यांची पावले वाळूत नीट, सारख्या अंतरावर उमटत होती. सूर्य टेकला आणि पूर्वेला पोफळींच्या वर डोंगरावर चंद्र आधीच आलेला होता. कुरवांचा एक थवा पाण्याच्या कडेला बसला होता तो उठला आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसला. आम्ही दोघे थकून थांबलो. वहिनी बऱ्याच पुढे गेल्या, अंधूक दिसेनाशा झाल्या, तेव्हा पत्नीने हाक मारावी असे मला खुणावले. मी मारली नाही.

थोड्या वेळाने त्या परत येताना दिसल्या. चपला हातात होत्या.

“चला,” त्या म्हणाल्या, “भरती लागली.”